मापाचं पाणी

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरच्या स्टेशनात शिरली. दहा वाघिणी, एकेकीत साधारण पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. आकडा ऐकायला केवढा मोठा! पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती. भागाकार केला, तर वाट्याला येतं माणशी सव्वा लिटरहून किंचित जास्त. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा हाच हिशोब माणशी साडेसहा लिटरवर गेला. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणांजवळ १४४ कलम लावावं लागलं होतं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि जमिनीखाली शेकडो फूट गेलेल्या बोअरमधून नुसती हवा येत होती. ‘जलदूत’ नाव मिळालेली ती गाडी ऑगस्टपर्यंत धावली. तिच्या शंभरावर खेपा झाल्या.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. तो सोडताना बरंच काही निसटूनही गेलं. टंचाईत घरोघरी लागलेल्या सवयी, म्हणजे भांडी धुतलेलं पाणी संडासाला, अंघोळीचं पाणी फरशीला, वर्ष-दोन वर्षांत विरून गेल्या. त्यानंतर जन्मलेली लेकरं आता प्राथमिक शाळेत आहेत. पाण्याची गाडी त्यांनी पाहिलेली नाही. त्यांच्यासाठी ती आजीच्या गोष्टीतली गाडी आहे आणि गोष्टीतल्या संकटाला मुलं घाबरत नाहीत. लातूर आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात या लेखासाठी फिरताना माझ्यासमोर एकच प्रश्न होता. ज्या पिढीनं कोरडं धरण पाहिलं नाही तिला, आणि पाहून विसरलेल्या तिच्या आईबापांना, पाणी जपायला शिकवायचं कसं?

माझं उत्तर आधीच सांगतो. घोषणांनी आणि भीतीनं ते शिकवता येत नाही. पाणी जपलं जातं ते मापानं. लेकराच्या हाती माप दिलं, की घर आपोआप त्या मापाकडे पाहायला लागतं.

लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत नळ यायच्या दिवशी थांबलो होतो. लातूरमध्ये नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या खंडानं येतं. त्यामुळे नळ येण्याचा दिवस सणासारखाच गडबडीचा. दारात निळे ड्रम, स्टीलच्या घागरी, रंगाच्या दोन जुन्या बादल्या, गुंडाळलेला पाईप. पाणी सुटल्याची हाक गल्लीच्या टोकाकडून आली आणि घरातल्या आजींनी पहिली गोष्ट काय केली, तर अर्धा भरलेला ड्रम कलता करून मोरीत ओतायला घेतला. दुसरीतला नातू आडवा आला.

‘‘आजी, ते कशाला सांडतेस?’’

‘‘शिळं झालंय ते, बाळा. ताजं येतंय की आता.’’

‘‘परवाच तर भरलंय. शिळं कसं होईल? धरणात तर किती दिवसांचं असतं!’’

आजी थबकल्या. ड्रम सरळ करून ठेवला, पण पोराच्या बोलण्यानं त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. सुनेला म्हणाल्या, ‘‘मग ह्याच्यानं आधी अंगण धू, मग भर.’’ त्या दिवशी अंगण गरजेपेक्षा जास्तच धुतलं गेलं.

अशी घरं महाराष्ट्रात लाखोंनी असतील. ज्या शहरांत पाणी चार-आठ दिवसांनी येतं, तिथे साठवणं भाग आहे, आणि साठवलेलं ओतून देणंही तिथेच जास्त. मुलाचा प्रश्न अगदी बिनतोड होता. धरणात महिनोन्महिने साठलेलं पाणी शुद्ध होऊन येतं ते ताजं, आणि स्वच्छ झाकलेल्या ड्रममध्ये दोन दिवस राहिलेलं शिळं, याला काही आधार नाही. भांडं स्वच्छ असेल, झाकण असेल, आत हात न बुडवता ओगराळ्यानं पाणी काढत असू, तर ते नासत नाही.

पण आजींची बाजू सोडून द्यावी इतकी पोकळही नाही. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं, ते डेंगीच्या डासासाठी. एडिस जातीची मादी साठवणीच्या भांड्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, अंडी चिकटवते. पाणी चढलं की ती फुटतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत डास उडतो. कोरड्यावरही ती अंडी महिनोन्महिने टिकून राहतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून देऊन काम होत नाही, आतली भिंत घासावी लागते. आणि भांडं रिकामं करायचंच आहे, तर ते पाणी आदल्या दिवशीपासून कपड्यांना, फरशीला, संडासाला वापरून संपवता येतं. लेकरांना एका तोंडानं ‘पाणी वाचवा’ आणि दुसऱ्या तोंडानं ‘भांडी रिकामी करा’ सांगितलं की ती गोंधळतात. हे दोन्ही एकत्र कसं बसतं, ते करून दाखवावं लागतं: ड्रम संपत आणायचा, तळाचं गाळून झाडाला घालायचं, काथ्यानं आतून घासायचं, मग भरायचं आणि वर सुती फडकं बांधायचं. दुसरीतला मुलगा हे सगळं करू शकतो, आणि आनंदानं करतो.

शाळांच्या भिंतींवर पाण्याचा डोळे मिचकावणारा थेंब रंगवलेला असतो. खाली ‘पाणी हेच जीवन’. मी शाळांमधून फिरताना मुलांना त्या चित्राबद्दल विचारत गेलो. ‘‘पाणी वाचवायचं,’’ हे उत्तर सगळ्यांकडे तयार. ‘‘किती?’’ म्हटलं की शांतता. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘पाणी वाचव’ ही सूचना ‘चांगलं वाग’ इतकीच धूसर असते. काय करायचं, कुठे थांबायचं, झालं की नाही हे कळणार कसं?

त्याच मुलासमोर तोटीखाली लिटरचं माप ठेवा. घरातली साधी तोटी पूर्ण सोडली, तर मिनिटाला सहा ते दहा लिटर पाणी जातं. दात घासायची दोन मिनिटं ती चालू ठेवली, तर बारा ते वीस लिटर, म्हणजे जवळजवळ एक बादली. पेल्यात घेऊन चूळ भरली, तर एका लिटरच्या आत काम होतं. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो आणि आठ मिनिटांच्या अंघोळीत पासष्ट ते ऐंशी लिटर सहज संपतात. बादलीत पंधरा-वीस लिटरमध्ये अंग स्वच्छ होतं. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका दमात दहा लिटर किंवा त्याहून जास्त ओतते. नव्या दोन बटणांच्या टाकीत लहान बटणाला तीनेक लिटर, मोठ्याला सहाच्या आसपास. आरओचं मशीन एक लिटर प्यायचं पाणी देताना दोन-तीन लिटर बाजूच्या नळीतून सोडून देतं. त्या नळीखाली बादली ठेवली, की फरशी आणि संडासाचं पाणी निघतं. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून कुंड्यांना ते रोज घालू नये. हे आकडे पाठ करून घेण्याचे नाहीत, आणि त्यांवर प्रश्नपत्रिका तर मुळीच काढू नये. मुलांनी ते आपल्या घरच्या तोटीवर स्वतः मोजून काढायचे. प्रत्येक घराचा आकडा वेगळा येतो आणि तिथेच मुलांचं खरं बोलणं सुरू होतं. ‘‘सर, आमची तोटी हळू पडते, कारण टाकी खाली आहे!’’ तिसरीतली मुलगी दाबाचा नियम असा बोलून दाखवते.

अजून लहान, तीन ते पाच वयाच्या मुलांचं काय? इथे आपल्याकडे एक मोठी शिदोरी आहे आणि तिच्याकडे आपण पाहत नाही. माँटेसोरी पद्धतीत एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं हा पहिल्या काही कामांमधला पाठ असतो. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी ती पद्धत आपल्या मातीत रुजवली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. महागडं साहित्य नको, मुलाच्या अंगणात जे आहे त्यानं शिकवा, हा त्यांचा आग्रह. छोटा तांब्या, दोन पेले, खाली परात. न सांडता ओत. सांडलं तर फडक्यानं टिपून परत भांड्यात पीळ. एवढ्यात हात स्थिर होतो, डोळा पातळी ओळखायला लागतो आणि सांडलेलं पाणी गेलं कुठे, हे लेकरू पाहतं. चार वर्षांच्या मुलाकडून ‘पाण्याशी खेळू नको’ म्हणून भांडं हिसकावून घेणारं घर त्याचा हा पहिला धडाच हिसकावून घेतं. त्याला परातीत खेळू द्या. दोन लिटर पाणी तासभर पुरतं आणि शेवटी तुळशीला जातं.

हात धुण्याबद्दल मात्र कसलीही तडजोड नको. पाणी वाचवण्याच्या नावाखाली साबण लावणं कमी झालं, तर जुलाबानं लेकरू आजारी पडेल. उपाय साधा आहे: हात ओले करायचे, तोटी बंद, साबणानं दोन्ही बाजू, बोटांच्या मधे, नखांखाली चोळायचं, मग तोटी. वीस सेकंद उघड्या तोटीखाली चोळताना दोन-तीन लिटर जातात. बंद ठेवली, तर अर्ध्या-पाऊण लिटरमध्ये हात निघतात. आणि पिण्याच्या पाण्यात तर काटकसर कधीच शिकवू नये. शाळेत स्वच्छतागृहात पाणी नाही किंवा कडी लागत नाही, म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आजही आहेत. घरी जाऊन त्या डोकं दुखतं म्हणून पडून राहतात. तशा मुलीला ‘थेंब थेंब वाचवा’ हे गाणं म्हणायला लावणं क्रूर आहे.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. पाणी वाचवायचा उपदेश आपण बहुतेक वेळा चुकीच्या दारात नेतो. जी मुलगी सकाळी आईबरोबर हंडा घेऊन विहिरीवर जाते, तिला पाण्याचं मोल सांगायची गरज नाही. टँकरच्या गावातल्या मुलांना कळशीत किती तांबे मावतात ते तोंडपाठ असतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल कोपीवर दिवसाला किती पाण्यात भागवतं, ते पाहिलं तर शहरातल्या शिक्षकानं त्याच्याकडून शिकावं. हा धडा सगळ्यात आधी पोहोचायला हवा तो पुण्यातल्या, ठाण्यातल्या, छत्रपती संभाजीनगरच्या नव्या वसाहतींतल्या त्या घरांत, जिथे गच्चीवरच्या टाकीमुळे तोटी कधी कोरडी पडत नाही आणि टँकर रात्री येऊन जातो म्हणून मुलांना दिसतही नाही. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसासाठी ५५ लिटर धरले. शहरातल्या घरानं आपण खरोखर किती वापरतो ते मोजलं तर? बऱ्याच सोसायट्यांत घरागणिक मीटरच नाही, पाण्याचा खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये सारखा वाटला जातो. मग वापर कमी करणाऱ्या घराला त्याचं फळ दिसत नाही आणि उधळणाऱ्याला झळ बसत नाही. उलट बोलणी खाते ती भांडी घासणारी बाई, जी स्वतःच्या वस्तीत सार्वजनिक नळावर रांग लावून आलेली असते.

जलजीवननं खेड्यांत घरोघरी नळ नेले ही मोठी गोष्ट आहे. मुलींची पायपीट काही ठिकाणी खरोखर थांबली. पण कितीतरी अंगणांत नळाला तोटीच नसते. पाणी सुटलं की भरून घ्यायचं, आणि भरून झालं की ते गटारीत वाहत राहतं, सोडणारा बंद करेपर्यंत. एक तोटी शंभर-दीडशे रुपयांची. ती बसवल्यावर शेवटच्या घराला दाब मिळतो, हे गल्लीतल्या मुलांनी वर-खाली पळून एकमेकांना ओरडून सांगितलं, की मोठ्यांना पटतं.

आता एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. मुलांनी पेल्यात चूळ भरल्यानं मांजरा भरणार आहे का? नाही. देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्याचा बहुतांश वाटा शेतीला जातो. सातशे-आठशे मिलिमीटर पावसाच्या लातूर पट्ट्यात ऊस आणि साखर कारखाने वाढले, भूजल उपसलं गेलं. त्याचा भार लेकरांच्या बादलीवर टाकणं अन्याय आहे. पण म्हणून बादली मोजायचीच नाही, हेही मला पटत नाही. घरात मोजायला शिकलेलं मूल उद्या शेतातलं, गावातलं मोजायला मागेल.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हेच केलं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे दुष्काळी गाव होतं, लोक पोट भरायला बाहेर पडत होते. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, समतल चर, बंधारे ही कामं अनेक गावांत झाली. हिवरे बाजारचं वेगळेपण त्यानंतरच्या शिस्तीत आहे. दरवर्षी पाऊस संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं: पाऊस किती झाला, मुरला किती, माणसांना आणि जनावरांना वर्षभर किती लागेल, आणि ते बाजूला काढून उरलेल्यावर रब्बीला काय घ्यायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पोपटरावांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला, पण त्या गावातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हा ताळेबंद ग्रामसभेत, सगळ्यांसमोर मांडला जातो. पाण्याचा आकडा तिथे गुपित नाही.

दिवाळीत व्यापारी वहीपूजन करून नवं खातं उघडतात. पाण्याचं वर्षही जवळपास तेव्हाच पालटतं. १५ ऑक्टोबरचा धरणसाठा धरून पाटबंधारे खातं वर्षाचं नियोजन आणि पिण्यासाठीचं आरक्षण ठरवतं. वर्तमानपत्रात तो आकडा येतो. घरातल्या मुलाला दिवाळीच्या पाडव्याला दोनशे पानी वही द्यावी. पहिल्या पानावर आपलं धरण, त्याचा साठा. दुसऱ्या पानावर घर: माणसं किती, टाकी किती लिटरची, छत किती चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या छतावर सातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सत्तर हजार लिटर. पैकी थोडं उडून, सांडून जाईल असं धरलं तरी पन्नास-पंचावन्न हजार लिटर. हा गुणाकार स्वतः केलेल्या मुलानं ‘‘बाबा, आपल्या गच्चीचा पाईप गटारीत का जातो?’’ असं विचारलं नाही, असं सहसा होत नाही. पुढच्या पानांवर आठवड्यातून एकदाच नोंद, रोज नको. रोजची सक्ती केली की पंधरा दिवसांत वही कपाटात जाते. आणि मुलानं लिहायचं ते स्वतःच्या वापरापासून. आईवर, आजीवर पाळत ठेवणारा शिपाई त्याला करू नये. दिवाळीची साफसफाई, पडदे, जाळ्या, अभ्यंगस्नान या सगळ्याला पाणी लागणारच. त्या आठवड्याचा आकडा मोठा आला तर येऊ द्यावा. वही खरी राहिली पाहिजे.

शाळेत हे बसवायला जागा आहे. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात पाणी आहेच, शनिवारच्या दप्तराविना उपक्रमांना हात मोकळा आहे. पण शिक्षकाला त्यासाठी वेगळा अहवाल भरायला लावला, की उपक्रमाचा जीव जातो, फोटो तेवढे उरतात.

धाराशिवच्या बाजूच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मी ते फोटोशिवाय घडताना पाहिलं. गावच्या टाकीखाली पाईपच्या जोडातून कित्येक महिने पाणी गळत होतं. खाली शेवाळ, आणि त्यात डुकरं. सगळ्यांच्या रोजच्या रस्त्यावरचं दृश्य, म्हणून कुणालाच न दिसणारं. चौथीच्या सरांनी मुलांना पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ दिलं. बादली भरायला सहा मिनिटं लागली. वर्गात फळ्यावर मांडणी झाली: तासाला दहा बादल्या, दीडशे लिटर. दिवसाला तीन हजार सहाशे. ‘‘आता ह्याला पंचावन्ननं भागा,’’ सर म्हणाले. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं सगळ्यात आधी उत्तर दिलं, ‘‘पासष्ट. पासष्ट माणसाचं पाणी, सर.’’ मग तीच म्हणाली, ‘‘आमच्या अख्ख्या वस्तीत तेवढी माणसं हायेत.’’

तो कागद वर्गातल्या सगळ्यांच्या सह्यांनिशी ग्रामपंचायतीत गेला. सरपंचांनी आधी विश्वास ठेवला नाही. ते स्वतः बादली घेऊन गेले आणि त्यांनाही सहा मिनिटंच लागली. जोड बदलला गेला तो पुढच्या आठवड्यात. वहीत त्या मुलीनं ‘गळती बंद’ लिहून तारीख टाकली, आणि मी निघालो तेव्हा वर्ग बादली घेऊन जनावरांच्या हाळाकडे निघाला होता. तिथे दिवसाला किती गुरं पितात आणि किती पाणी वरून वाहून जातं, हे मोजायचं बाकी होतं.